पॅनेलवरचा वकील आणि चार रुपयांचा कागद

आमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत शेजारच्या बिल्डरने आधी पत्र्याची शेड टाकली, मग दोन खोल्या उठवल्या. महापालिकेने कलम २६० ची, म्हणजे बेकायदा बांधकामाची नोटीस काढली, बिल्डर दिवाणी कोर्टात गेला, 'जैसे थे'चा आदेश घेऊन आला. पुढच्या चार तारखांना महापालिकेचं म्हणणंच दाखल नाही. दर वेळी महापालिकेच्या पॅनेलवरचे, म्हणजे तिने नेमलेल्या यादीतले, वकीलसाहेब मुदत मागतात.

ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या संकेतस्थळावर, वकिलाच्या नावानेही शोधता येतं, हे पुतण्याने दाखवलं. नाव टाकलं तर काय, त्याच कोर्टातल्या दुसऱ्या एका दाव्यात हेच साहेब त्याच बिल्डरचे वकील! त्या दाव्यात आम्ही पक्षकार नाही, त्यामुळे कारण लिहून नक्कल विभागात अर्ज करावा लागला. वकीलपत्राची (पक्षकाराने वकील नेमल्याच्या कागदाची) प्रमाणित प्रत मिळाली एकदाची.

ती घेऊन, वकील बदला असा अर्ज द्यायला महापालिकेच्या विधी विभागात गेलो, आणि तिथेच रुतलो. खिडकीवरचे गृहस्थ अर्जावर आवकचा शिक्काच मारेनात. "काका, वकिलाची तक्रार बार कौन्सिलकडे." म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे. अहो, गैरवर्तनाची तक्रार तिकडे करायची, कबूल. पण वकील बदलायचा हक्क पक्षकाराचा, आणि इथे पक्षकार म्हणजे तुम्ही! तर म्हणे अतिक्रमण विभागाचं पत्र आणा. अतिक्रमणवाले म्हणाले प्रभाग कार्यालय. प्रभागवाल्यांनी परत विधीकडे धाडलं. शिक्का त्यांच्या कोपराशी पडलेला, शाईचा डबा उघडा, आणि मी तीन आठवडे तो नुसता बघतोय. शेवटी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला. पहिल्याच दिवशी पाठवायला हवा होता. पोचपावतीला कोणी नाही म्हणत नाही.

मग विधी अधिकारी भेटले. माणूस सभ्य. म्हणाले, बार कौन्सिलचा नियम ३३ बघा, ज्या प्रकरणात एका बाजूचं काम केलं त्यात उलट बाजूने उभं राहता येत नाही. इथे दावे वेगळे. पटलं नाही, पण तोंडही उघडता येईना.

म्हणून माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'बिल्डरचा वकील का नेमला' असं विचारू नका, 'का'ला उत्तर देत नाहीत. मी मागितल्या पॅनेलवरच्या नेमणुकीच्या अटी. तीस दिवस गेले, उत्तर नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन आला, "कागद घेऊन जा." दोन पानं, चार रुपये. नववी अट: प्रतिपक्षाशी व्यावसायिक संबंध असल्यास वकिलाने तसं लेखी कळवावं. कळवलं होतं का? फाइलमध्ये तसं पत्र नव्हतं. अट त्यांचीच, कागद त्यांच्याच कपाटातला, आणि तो मी त्यांना वाचून दाखवला. त्या दिवशी जिना उतरताना गुडघे दुखले नाहीत.

पंधरा दिवसांत वकील बदलला. नव्या बाईंनी पहिल्याच तारखेला म्हणणं दाखल केलं.

एक राहिलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १ रूल १० खाली सोसायटीने स्वतःच पक्षकार व्हायचा अर्ज सुरुवातीलाच द्यावा. आम्ही आत्ता दिलाय. त्याच्यावर बिल्डरच्या वकिलांनी मुदत मागितली आहे.