आम्ल स्वयंपाकघरात, आम्लारी न्हाणीघरात

मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या घरी खळ्यात रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, रास पडते आणि घरातलं प्रत्येक माणूस मनगटापर्यंत लाल होतं. यंदा त्यात मुंबईहून आलेली भाचीही होती. तासभर रातांबे फोडून ती न्हाणीघराकडे निघाली. "साबू लावू नको गो, हात काळेनिळे होतले," आई आतून ओरडली. लावू नको म्हटल्यावर लावला गेलाच. मग किंकाळी. तळहात निळसर काळपट आणि फेसाचे ओघळ हिरवट. आईनं न बोलता लिंबाची फोड पुढे केली. चोळल्यावर हात पुन्हा लाल. पोरगी रडायची विसरली आणि परत साबणाकडे धावली.

आम्लं आणि आम्लारी तिनं शाळेत पाठ केले होते. आम्ल चवीला आंबट, निळा लिटमस तांबडा करतं. आम्लारी कडवट, स्पर्शाला बुळबुळीत, तांबडा लिटमस निळा करतो. लगोलग तंबी: प्रयोगशाळेतल्या कशाचीही चव घेऊ नये. तंबी योग्यच आहे, पण तिच्यामुळे आम्ल फक्त बाटलीत राहतं असं पोरांना वाटतं. आमच्याकडे जूनपर्यंत कैरी, करवंदं, बिंबलं, रातांबे असे आंबटाचे सगळे प्रकार जिभेवरून गेलेले असतात. चिंचेतलं टार्टारिक, लिंबातलं सायट्रिक, ताकातलं लॅक्टिक ही नावं नंतर चिकटवली तरी चालतात. दात आंबले की धडा झालाच.

आम्लारी शिकवणं अवघड. तो जेवणात येत नाही. शब्द मात्र फक्कड आहे: आम्लाचा अरी, जसा मुराचा मुरारी. ही फोड सांगितल्यावर भाचीनं घरभर वैरी शोधले. साबण, धुण्याचा सोडा, चुलीतली राख, सगळे न्हाणीघराच्या आसपास. आंबट तेवढं स्वयंपाकघरात. ही वाटणी कुणी केली कोण जाणे, पण तिला दोनच अपवाद सापडले: खायचा सोडा आणि आईच्या पानाच्या डब्यातला चुना. चुना पूर्वी आमच्या किनाऱ्यावर शिंपल्या भाजूनच करत. चुनकळीला, म्हणजे न विझवलेल्या चुन्याला, मी तिला हात लावू दिला नाही, ती पाणी पडताच उकळते आणि डोळ्यात गेली तर खैर नाही. चुन्याच्या निवळीत मात्र एकदा बोट बुडवू दिलं. बुळबुळीत लागलं. आपल्याच कातडीवरच्या तेलाचा थोडा साबण होतो, म्हटल्यावर तिनं बोट झटकून फ्रॉकला पुसलं.

लिटमस आमच्या गावात मिळणार कुठून? परसातली लाल जास्वंद कागदावर चोळली, जांभळट पट्ट्या वाळवल्या. लिंबात गुलाबी, साबणात हिरवी. १६६४ साली रॉबर्ट बॉइलनं व्हायोलेट फुलांच्या पाकाचा हाच गुण छापला होता. त्याचं फूल, आपली जास्वंद. रातांब्याच्या सालीतलं रंगद्रव्यही याच कुळातलं, म्हणून तर आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, कमी पडलं की सोलकढी गुलाबीऐवजी मळकट जांभळी दिसते. आई ते बघूनच हात आखडला गेल्याचं ओळखते. हळद वेगळी. ती आम्लाला दाद देत नाही, पण चुना लागला की कुंकवासारखी लाल. शर्टावरचा हळदीचा डाग साबणानं लाल होतो तो यामुळेच, आणि ते पाहून घाबरलेली मी एकटीच नसेन.

संध्याकाळी समुद्रावर पट्ट्या घेऊन गेलो. पाणी खारट, मीठ तर उदासीन, म्हणून समुद्रही उदासीन, असा तिचा अंदाज. तर्क वाईट नव्हता. पण समुद्राचा पीएच, म्हणजे आम्ल-आम्लारी सांगणारा आकडा, आठच्या जरा वर असतो (सात म्हणजे उदासीन, त्यावर आम्लारी), कारण मिठाखेरीज त्यात बायकार्बोनेटंही विरघळलेली असतात. पट्टी किंचित निळसर झाली असं मी म्हटलं. काही झालेली नाही, असं ती म्हणाली. उजेडही पुरेसा नव्हता. वाद घरापर्यंत चालला.

जेवताना उरलेली पट्टी तिनं सोलकढीच्या वाटीत बुडवली.

"जेवणात फुलां कित्या घालतंस गो?" आई म्हणाली आणि वाटी पुढे ओढून तिच्यात पळीभर आगळ वाढलं.