विमानाला जर्मनमध्ये काय म्हणतात?

फ्लुगत्सॉइग. जर्मनच्या ए-वन म्हणजे पहिल्या पातळीच्या क्लासमध्ये घोकलेला शब्द, झोपेतनं उठवून विचारलंत तरी सांगेन. पण परवा एका व्हिडिओत दक्षिण ब्राझीलमधल्या एक आजी मस्त जर्मन बोलत होत्या, हातात माटे नावाच्या तिकडच्या चहाचा तो भोपळ्याचा पेला, त्यात धातूची नळी, आणि बोलता बोलता विमानाला म्हणाल्या आव्हिओंग! तीनदा मागे नेऊन ऐकलं तेव्हा कुठे ट्यूब पेटली, अरे हा तर पोर्तुगीजमधला आव्हियांव. त्यांचे पूर्वज जर्मनीतनं निघाले तेव्हा विमानच नव्हतं तर त्याला शब्द कुठून आणणार, मग जे ब्राझीलमध्ये आल्यावर आयुष्यात आलं त्याचं नावही तिथलंच घेतलं.

या बोलीला हुन्सरिकिश म्हणतात. जर्मनीच्या पश्चिमेला हुन्सरुक म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथे वाटण्या होऊन होऊन शेतांचे पार तुकडे झालेले, आणि इकडे ब्राझीलचा सम्राट पेद्रो पहिला याला दक्षिणेकडची सरहद्द वसवायला माणसं हवी होती. २५ जुलै १८२४ ला पहिले ३९ जण रिओ ग्रांदे दो सुल या दक्षिणेकडच्या प्रांतात पोचले. त्या वसाहतीचं नाव साओ लिओपोल्दो, पेद्रोची राणी लिओपोल्दिना हिच्या मानार्थ, ती ऑस्ट्रियाची राजकन्या. पुढे बोटी येतच राहिल्या, त्यात हुन्सरुकवाले भरपूर, म्हणून त्यांची बोली वरचढ ठरली.

आता टुरिस्ट लोक जातात ते दक्षिण ब्राझीलमधल्याच ब्लूमेनाउला. हेरमान ब्लूमेनाउने १८५० मध्ये १७ जणांना घेऊन वसवलेलं गाव. तिथला ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा उत्सव प्रसिद्ध आहे पण तो पणजोबांच्या काळापासूनचा वगैरे अजिबात नाही हं, १९८३ आणि ८४ ला लागोपाठ मोठे पूर आले, गावाची रया गेली, त्यानंतर १९८४ लाच हा सुरू झाला. शिवाय हा मूळचा दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा सण, आणि आलेल्यांत बव्हेरियाचे थोडेच! लाकडी चौकटींची घरंही सगळीच जुनी नाहीत, १९७० च्या दशकात तसा दर्शनी भाग बांधला की करात सूट मिळायची. धंदा म्हणून ठीक आहे, माझी काही तक्रार नाही, पण मला त्या आजी जास्त जर्मन वाटल्या.

कारण ती बोली टिकली कशी ते बघा. १९३८ पासून राष्ट्राध्यक्ष झेतूलिओ व्हार्गासच्या सरकारने सगळ्यांना ब्राझिलियन करायची मोहीम काढली, जर्मन शाळा बंद. १९४२ ला ब्राझील युद्धात उतरल्यावर तर चारचौघात जर्मन बोललं की थेट तुरुंगाची भीती. लोकांनी पुस्तकं जमिनीत पुरली. ज्या पोरांना पोर्तुगीज येतच नव्हतं ती शाळेत गप्प बसून राहायची. मग लिहिणं-वाचणं सुटलं आणि भाषा उरली ती स्वयंपाकघरात. तिथे मात्र कुणाच्या बापाला काढता आली नाही, कुखेनचं, म्हणजे केकचं, कूका झालं, पावाला लावायच्या जॅमला म्हणायच्या श्मीरचं शिमिया झालं, आता शेजारचे पोर्तुगीज बोलणारेसुद्धा तेच शब्द वापरतात.

आणि पोमेरानियन ही दुसरी जर्मन बोली! एस्पिरितो सांतो राज्यात सांता मारिया दे जेतिबा नावाचं गाव आहे, तिथे २००९ पासून ही पोर्तुगीजच्या जोडीने अधिकृत भाषा आहे. मूळचा पोमेरानिया दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक पोलंडमध्ये गेला, तिथल्या जर्मनांना हाकलून दिलं, ते पांगले आणि बोली तिकडे जवळपास संपली. ब्राझीलमध्ये मात्र त्याच बोलीत अजून घराघरात भांडणं चालतात.