तुम्ही विचारलंत म्हणून: परवाना बदलला, आता सर्व्हरचे काय?

इंदूरमध्ये सियागंजातल्या काही घाऊक व्यापाऱ्यांचे आणि रामबागेतल्या एका दवाखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. एखाद्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरने परवाना बदलल्याची बातमी आली, की ‘आता पैसे भरायचे, की ते काढून टाकायचे?’ असे मला हमखास विचारले जाते. सहसा दोन्ही करावे लागत नाही. चालू आवृत्तीला जुनाच परवाना लागू राहतो आणि बदल पुढच्या आवृत्त्यांपुरता असतो. खरी पंचाईत होते ती डेबियन, फेडोरा यांसारख्या डिस्ट्रिब्यूशनची, म्हणजे लिनक्स आणि त्यावर चालणारी सॉफ्टवेअर एकत्र बांधून वाटणाऱ्या प्रकल्पांची.

रेडिस या, माहिती मेमरीत ठेवून चटकन देणाऱ्या डेटाबेसचेच पाहा. मार्च २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने बीएसडी हा जवळजवळ बिनअटीचा परवाना सोडून ७.४ या आवृत्तीपासून दोन नवे परवाने लावले. त्यांपैकी एसएसपीएल हा मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०१८ मध्ये आणलेला, आणि हे सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकणाऱ्याने ती सेवा चालवणारा भोवतालचा सगळा कोडही खुला करावा, अशी त्याची अट आहे. सियागंजातल्या व्यापाऱ्याचा या अटीशी संबंध येणार नाही. डिस्ट्रिब्यूशनला मात्र आपले पॅकेज कोण कशासाठी वापरणार हे ठाऊक नसते, आणि कोणत्याही क्षेत्रातल्या वापरावर निर्बंध नसावा हे डेबियनने १९९७ पासून तत्त्व म्हणून लिहून ठेवले आहे. त्यामुळे फेडोराने ४१ व्या आवृत्तीत रेडिसच्या जागी व्हॅल्की आणले; परवाना बदलल्यावर काही दिवसांतच रेडिस ७.२.४ च्या कोडवरून निघालेली ही स्वतंत्र शाखा लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. जुन्या आज्ञा चालत राहाव्यात म्हणून सोबत एक जोडपॅकेजही दिले.

हे तुलनेने सोपे होते, कारण रेडिसशी बाकीचे प्रोग्रॅम नेटवर्कवरून बोलतात. लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड, मात्र प्रोग्रॅममध्येच जोडली जाते आणि तिच्या परवान्याच्या अटी त्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचू शकतात. ऑरॅकलने २०१३ मध्ये बर्कली डीबी या डेटाबेस लायब्ररीची ६.० ही आवृत्ती एजीपीएलखाली, म्हणजे ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमचाही कोड खुला करायला लावणाऱ्या परवान्याखाली, आणली, तेव्हा डिस्ट्रिब्यूशन ५.३ वरच थांबली. गंमत म्हणजे फेडोरात पॅकेज बसवणारे आरपीएम स्वतःच्या नोंदी याच लायब्ररीत ठेवत असे. जुन्या आवृत्तीची देखभाल मूळ निर्मात्यांनी थांबवलेली, नवी परवान्यामुळे घेता येईना, आणि अखेर २०२० मध्ये फेडोरा ३३ ने त्या नोंदी एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेस लायब्ररीवर नेल्या. परवान्याच्या बातमीपेक्षा मला ही सात वर्षे अधिक बोलकी वाटतात.

म्हणून नवे सॉफ्टवेअर निवडताना परवान्याच्या नावाआधी मी ते कुणाच्या हातात आहे हे पाहतो. पोस्टग्रेस या डेटाबेसचा परवाना बीएसडीइतकाच मोकळा आहे, पण तो प्रकल्प एका कंपनीचा नाही. रेडिसने मे २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीपासून एजीपीएलचाही पर्याय दिला; ते चांगलेच झाले, तरी केवळ तेवढ्यासाठी मी दवाखान्याचा सर्व्हर व्हॅल्कीवरून परत नेणार नाही.

एका ठिकाणी मात्र काळजी घ्या. डिस्ट्रिब्यूशनच्या भांडारातून आलेल्या पॅकेजचा परवाना कुणीतरी तपासलेला असतो; पण कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर बंदिस्त डब्यासारखे वेगळे चालवताना, थेट कंपनीची ‘लेटेस्ट’ प्रतिमा (तयार प्रत) ओढली, तर ही चाळणी मध्ये येतच नाही. तसे करणारा सर्व्हर २०२४ मध्ये ७.२ वरून ७.४ वर, म्हणजे नव्या अटींखाली, कुणाच्या लक्षातही न येता गेलेला असू शकतो. तुमच्या माणसाला आधी प्रतिमेची आवृत्ती ठरवणारी तेवढी ओळ तपासायला सांगा.