उंदराची पिल्लं खायला शिकतात कशी

इंदूरच्या छावणी मंडीत कुणाशीही बोला, तो सांगेल की एकदा विष ठेवलं की उंदीर सावध होतात, एकमेकांना सांगतात. आमच्या रामबागेतल्या काकूंचंही हेच म्हणणं. पण उंदीर एकमेकांना काय खायचं ते सांगतात, काय खायचं नाही ते सांगत नाहीत, आणि मला हे फारच भारी वाटतं.

कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत बेनेट गेलेफ नावाच्या शास्त्रज्ञाने बिळं करून राहणाऱ्या तपकिरी उंदरांवर यावर वर्षानुवर्षं काम केलं. पिल्लाचं शिक्षण दुधापासूनच सुरू होतं, आई जे खाते त्याची चव दुधात उतरते. मग पिल्लू बिळाबाहेर पडलं की जिथे मोठे उंदीर खात बसलेत तिथेच जाऊन तोंड घालतं. 1971 च्या एका प्रयोगात मोठ्यांना दोनपैकी एक खाणं टाळायला शिकवलं होतं, तर त्यांच्या पिल्लांनी मोठे टाळत असलेल्या त्या खाण्याला तोंडच लावलं नाही, मोठ्यांपासून वेगळं केल्यावरही काही दिवस तसंच.

आणि सगळ्यात कमाल श्वासाची. बाहेरून खाऊन आलेल्या उंदराचं तोंड बाकीचे हुंगतात, नंतर तोच वास असलेलं खाणं ते जास्त खातात. नुसता खाण्याचा वास पुरत नाही, त्यासोबत उंदराच्या श्वासातला कार्बन डायसल्फाइड लागतो. बेशुद्ध उंदराच्या तोंडाला खाणं फासलं तरी काम होतं, मागच्या बाजूला फासलं तर होत नाही! आणि तो उंदीर आजारी असला तरी हुंगणाऱ्याला तेच खाणं आवडायला लागतं, म्हणजे धोक्याची सूचना अशी काही नसतेच.

मग विषाला उंदीर फसत का नाहीत? तर ते नवीन खाणं मुळातच भीत भीत, थोडंसंच चाखतात, आणि त्यांना उलटी करता येत नाही, त्यामुळे हा बेतानेच खायचा स्वभाव त्यांच्या फार कामाचा. थोडं खाऊन जो आजारी पडून वाचला तो ती चव पुन्हा घेत नाही, आणि त्याची पिल्लं त्याच्या मागे मागे जे खातात त्यात ती चव येतच नाही. कुणी कुणाला काही न सांगता सगळं बीळ ते खाणं टाळतं. म्हणूनच झिंक फॉस्फाइड हे उंदीर मारायचं विष वापरणारे आधी काही दिवस साधं धान्य ठेवतात, त्याची सवय लागली की मग त्यातच ते विष मिसळतात.