बालवाडीतल्या अनुभवाचा दाखला: माझा अनुभव

बालवाडीत शिकवणाऱ्या बाईने नोकरी बदलायची ठरवली, की तिचं घोडं अडतं ते अनुभवाच्या दाखल्यापाशी. मिरजेतल्या नव्या शाळेने मागितलेली बाकीची कागदपत्रं भराभर जमली. मार्कलिस्ट, बालशिक्षणाची पदविका, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, सगळं वेळेत. पोलिसांची चारित्र्य पडताळणीही ऑनलाइन अर्ज करून विनासायास झाली. ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात ती सगळ्या शाळा कर्मचाऱ्यांसाठी सांगितली आहे, आणि ते योग्यच आहे.

दाखला अडला सांगलीतल्या माझ्या जुन्या बालवाडीत. तिथे मी जून २०१६ ते एप्रिल २०२४ शिकवलं. ऑफिसमधून उत्तर आलं, "बाई, २०१९ च्या आधीचं रजिस्टर पुरात गेलं. पुढे कोरोनात शाळा बंद. जून २०२२ पासूनचं लिहून देतो की." म्हणजे जवळजवळ आठ वर्षांची दोन वर्षं! नव्या शाळेत पगार ठरणार होता तो याच कागदावर.

पूर काही खोटा नव्हता. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. वर्गातल्या ठोकळ्यांच्या खाचांत बसलेला गाळ जुन्या टूथब्रशने मीच काढला. पण रजिस्टर वाहून गेलं म्हणून मी शिकवलेली वर्षं वाहून जात नाहीत.

कोरोनाच्या काळाबद्दल तर मला आजही राग आहे. शाळेचं दार बंद होतं, काम बंद नव्हतं. रोज सकाळी मुलांच्या आयांना एक कृती पाठवायची: ताटात मटकी आणि राजमा एकत्र करा, मुलाला निवडू द्या. मग आलेला प्रत्येक व्हिडिओ बघायचा. एक मुलगी राजमा मुठीनेच उचलायची. तिच्या आईला फोन करून वाटीच्या जागी निमुळत्या तोंडाची बाटली ठेवायला सांगितलं, म्हणजे दाणा आत टाकताना बोटं आपोआप जुळतात. दिवाळीच्या सुमारास ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाणा धरायला लागली. उद्या पेन्सिल याच चिमटीत धरायची असते. हे शिकवणं नाही तर काय आहे?

"मुलं सांभाळायचंच तर काम, त्याचा अनुभव काय लिहायचा?" हेही ऐकून घ्यावं लागलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत, मग कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या त्याला पाऊणशेहून जास्त वर्षं झाली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा धरला. तरी आमच्या कामाकडे अजून मुलं राखण्याचं काम म्हणूनच बघायचं?

हेलपाटे घालून काही होत नाही, हे मी ठामपणे सांगते. तोंडी मागितलेल्या गोष्टीची नोंद कुठेच राहत नाही. मी अर्ज लिहिला तो मुख्याध्यापिकांना नाही, थेट संस्थेच्या अध्यक्षांना. दोन प्रती नेल्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतली. पोच द्यायला आधी नाही म्हणाले. मी खुर्चीवर बसून राहिले. सोबत पुरावे जोडले. सुरुवातीला पगार रोखीत व्हाउचरवर मिळायचा, त्यामुळे पासबुकाचा उपयोग २०१८ नंतरच्या वर्षांपुरताच झाला. त्याआधीचं काम पालकांनी सिद्ध केलं. आता सातवीत असलेल्या एका मुलाच्या आईने त्याचं बालवाडीचं प्रगतीपुस्तक जपून ठेवलं होतं, त्यावर 'वर्गशिक्षिका' म्हणून माझी सही. तिने झेरॉक्स काढून घरी आणून दिली, तेव्हा मला भरून आलं. स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, वर्गाचे ग्रुप फोटो, कोरोनातले व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, सगळं तारखेनुसार लावलं. दाखल्याचा मसुदाही मीच टाइप करून दिला. त्यात पद, कालावधी, वयोगट आणि कामाचं स्वरूप स्पष्ट लिहिलं.

दाखला मिळाला, पूर्ण कालावधीचा. हातात घेतल्यावर लगेच वाचा, शिक्का आणि जावक क्रमांक बघा. माझ्या दाखल्यावर जावक क्रमांक नव्हता, तिथेच उभं राहून घालून घेतला.

आणखी एक, जे मला या धावपळीत कळलं. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या शाळेत सलग पाच वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकांना ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटल्यावर मिळणारी एकरकमी रक्कम, लागू होते. ग्रॅच्युइटी कायद्याच्या २००९ च्या दुरुस्तीने ती ३ एप्रिल १९९७ पासून धरली आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंगणवाडी सेविका-मदतनिसांनाही कोर्टाने हा हक्क दिला. दाखल्यावर दोन वर्षं आली असती, तर हे मागायला माझ्याकडे कागदच उरला नसता. मी नोकरी सोडली तेव्हाच्या नियमांप्रमाणे अर्ज 'फॉर्म आय'मध्ये, नोकरी सुटल्यापासून तीस दिवसांत करायचा होता. उशीर झाला तरी तेवढ्यावरून हक्क बुडत नाही. माझा फॉर्म भरून झालाय. या वेळीही दोन प्रती काढल्यात.