डब्याएवढा सीपीयू आणि ३ ऑक्टोबरची घाई

१६ सप्टेंबर २०२५. रिटर्नची वाढवून मिळालेली मुदत त्या रात्री एकदाची संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कितीतरी महिन्यांनी माझ्या कॉम्प्युटरकडे नीट बघितलं. डोंबिवलीत माझं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. टेबलाखाली २०१४ साली घेतलेला काळा टॉवर, चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. त्याच्या जाळीवर धुळीचं अस्तर, आणि सुरू झाल्यापासून हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, चहा तसाही लागतोच.

पण १४ ऑक्टोबरपासून विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद होणार होते. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. माझ्या टॉवरकडे दोन्ही नाही. वर्षभराची मुदतवाढ घ्यायची सोय होती. मुदतवाढीवरच माझा धंदा चालतो, पण दीडशे लोकांचे पॅन, बँक खाती आणि पासवर्ड ज्या मशीनमध्ये आहेत ते मुदतवाढीवर चालवायला मन घेईना.

घाईचं आणखी एक कारण होतं, ते फक्त आमच्याच जमातीला कळेल. कॉम्प्युटरवर घसारा, म्हणजे वस्तू झिजते म्हणून उत्पन्नातून मिळणारी वजावट, ४० टक्के मिळतो, पण घेतला त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्मा. ३१ मार्चपासून उलट मोजलं की ३ ऑक्टोबर येते. लोकांना हे सांगत वीस वर्षं गेली, आता स्वतःवर पाळी आली होती.

लॅपटॉप का नाही, असं सगळ्यांनीच विचारलं. लॅपटॉप वापरून झालाय. बॅटरी फुगून टचपॅड वर आला होता आणि मान कायमची वाकडी व्हायची बाकी होती. शिवाय मला आकड्यांचा वेगळा पॅड असलेला मोठा कीबोर्ड लागतो, त्याशिवाय माझे हात चालत नाहीत. संध्याकाळचं काम मी घरून करते. तर भाचा म्हणाला, "मावशी, मिनी पीसी घे. स्क्रीन, कीबोर्ड दोन्हीकडे ठेव आणि मधला डबा पर्समधून ने." हे मला एकदम पटलं. रोज टिफिन नेतेच, त्याच्याशेजारी आणखी एक डबा.

मॅक मिनी भाच्याच्याच मित्राकडे बघितला. पाच इंच बाय पाच इंच, १६ जीबी रॅम, आवाज शून्य, बाजारात आला तेव्हाची किंमत ५९,९००. चालू करायचं बटण खालच्या बाजूला दिलंय, डबा उचलून दाबायचं. वस्तू देखणी आहे. पण टॅली त्यावर सरळ चालत नाही, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

मग एन१००. इंटेलचा हा २०२३ चा छोटा प्रोसेसर, चार कोअर, वीज अगदी कमी खाणारा. आमच्या एका हार्डवेअरवाल्या अशिलाने बिलिंगसाठी असा मिनी पीसी घेतलाय. रविवारी दुकान बंद, म्हणून शनिवारी रात्री मी तो मागून आणला. "मॅडम, सोमवारी सकाळी नऊला लागेल हां," असं त्याने तीनदा बजावलं. सोमवारी २२ तारखेपासून जीएसटीचे नवे दर लागणार होते, त्याच दिवशी घटस्थापना. त्याला बिलं बदलायची होती आणि घटही बसवायचे होते.

रविवारी मी त्याच्यावर माझं खरं काम लावलं. कंपन्यांचे तक्ते वाचून मला काही कळत नाही. माझी परीक्षा एकच: एका मोठ्या अशिलाची वर्षभराची खरेदी आणि जीएसटी पोर्टलवरून उतरवलेली २बी, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, दोन्ही मिळून चाळीस हजार ओळी, एक्सेलमध्ये एकमेकांशी ताडायच्या. तेही बाजूला टॅली उघडी, क्रोममध्ये पंधरा-वीस टॅब आणि एक व्हिडिओ कॉल चालू असताना. माझं काम खरंच असं चालतं. माझ्या टॉवरला याला चार मिनिटं लागायची, आणि त्या चार मिनिटांत माऊसला हात लावायचा नाही असा नियम होता. एन१०० ने दोन मिनिटांच्या आत केलं. मी खूश झाले. पण कॉलमधला आवाज तुटायला लागला. भाच्याने बघितलं तर ८ जीबी रॅम काठोकाठ भरलेली. खोलून पाहिलं, तर रॅमची एकच खाच. एकच पट्टी काढून मोठी घालायची, दुसरी जोडायला जागा नाही.

ते चाललं असतं. नडला तो पंखा. दिवसा ऐकूही येत नव्हता. रात्री साडेअकराला घरातला टीव्ही बंद झाला आणि तो बारीक, डासासारखा सूर कानात शिरला. काम वाढलं की सूर चढायचा, थांबलं की उतरायचा. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, मच्छर फार झालेत का तुझ्या खोलीत?" सगळ्याच एन१०० मध्ये असा पंखा नसणार, काहींत तर पंखाच नसतो. पण मी ऐकला तो हा.

बुधवारी लॅमिंग्टन रोड गाठला. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, पुढे चालत पाच-सात मिनिटं. तिथे मोठ्या कंपन्यांनी चार-पाच वर्षं वापरून काढलेले छोटे डेस्कटॉप मिळतात. लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी. सगळे साधारण एक लिटर आकाराचे, आडवं ठेवलं तर जाड डिक्शनरी. दुकानात ते भिंतीला विटांसारखे रचले होते.

इथेच फसगत होते, कारण वरून सगळे सारखेच दिसतात. एकाने आठ हजारांना "आय-फाइव्ह, एकदम मक्खन" म्हणून पुढे केला. सुरू करून नंबर बघितला तर ७५००टी. सुरुवातीचा ७ म्हणजे सातवी पिढी, विंडोज ११ च्या यादीत नाही. कशीबशी बळजबरीने घालून देतात, पण मग मी टॉवर का बदलतेय? मला हवा होता ८५००टी, २०१८ चा, सहा कोअर, ३५ वॉटचा. दोन आकड्यांतला हा फरक दुकानदार आपणहून सांगत नाही. दुसऱ्या डब्यात विंडोजच्या आधीचं, मशीनचं मूळ सेटिंग (बायोस) उघडायला गेलो तर त्याने पासवर्ड मागितला. आधीच्या कंपनीने लावलेला, दुकानदाराकडेही नाही. "त्याची काय गरज मॅडम, विंडोज तर चालतंय ना?" गरज आहे. उद्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायचं झालं किंवा लाइट आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग करायची झाली, तर मी त्या जुन्या कंपनीचं दार ठोठावू का?

शेवटी दोन दुकानांत तोच ८५००टी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान डिस्क. एकाकडे १६,००० आणि दुसऱ्याकडे १७,७००. भाचा अर्थातच पहिल्याकडे वळला. मी म्हटलं, थांब, बिल कसं देणार ते विचार. पहिला मार्जिनवर बिल देणार होता. सेकंड हँड मालाच्या व्यापाऱ्याला तशी सवलत आहे, तो फक्त आपल्या नफ्यावर कर भरतो, बिलात कर वेगळा दाखवत नाही. त्यामुळे घेणाऱ्याला क्रेडिट, म्हणजे दिलेला कर आपल्या जीएसटीतून वळता करून घेणं, शून्य. दुसरा पूर्ण टॅक्स इन्व्हॉइस देत होता: १५,००० अधिक १८ टक्के, २,७००. माझ्याकडे जीएसटी नंबर आहे, ते २,७०० मला क्रेडिटमध्ये मिळतात. म्हणजे महाग दिसणारा डबा मला हजार रुपयांनी स्वस्त पडला. भाचा बराच वेळ गप्प होता. घरी वापरायला घेणाऱ्याने मात्र डोळे झाकून पहिल्याकडूनच घ्यावा.

जाता जाता, २२ तारखेनंतर कॉम्प्युटर स्वस्त झाला का, असं मला दिवसातून तीनदा विचारत होते. नाही. आधीही १८ टक्के, आताही १८ टक्के.

ऑफिसात आणून जोडायला बसले आणि खरी परीक्षा मागच्या बाजूला होती. मागे दोन डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय नाही. माझ्याकडे एक मॉनिटर एचडीएमआयचा, दुसरा जुना निळ्या पिनचा. दोन कन्व्हर्टर, मिळून ९०० रुपये. डिजिटल सहीचं टोकन यूएसबी हबमध्ये लावलं तर पोर्टल म्हणे टोकन सापडत नाही. तेच टोकन डब्याच्या पुढच्या पोर्टमध्ये थेट लावलं आणि लगेच सही झाली. पुढच्या बाजूला यूएसबी आहेत की नाही हे आता मी रॅमच्या आधी बघेन. दिवसातून वीस वेळा लावायची वस्तू मागे हात घालून कोण लावणार?

आणि डॉट मॅट्रिक्स. हसू नका. एका सोसायटीला मेंटेनन्सच्या पावत्या अजून तीन प्रतींत, मधे कार्बन घालून लागतात. त्या प्रिंटरला जुनी रुंद पॅरलल पिन. तिला यूएसबी करणारी केबल ३५० ला मिळाली. लावली, प्रिंटर ढिम्म. तासाभराने लक्षात आलं की विंडोजने प्रिंटर जुन्याच एलपीटी१ पोर्टवर धरलाय. तो यूएसबी००१ वर नेला, ड्रायव्हर साध्या मजकुराचा निवडला, आणि कर्र-कर्र करत पहिली पावती बाहेर आली तेव्हा शेजारच्या गाळ्यातला दर्जी बघायला आला.

माझी चाळीस हजार ओळींची परीक्षा डब्याने सव्वा मिनिटात सोडवली. एन१०० पेक्षा फार तर पाऊण मिनिटाचा फरक, पण कॉल तुटला नाही. विजेचं माप घ्यायला भाच्याने प्लगमध्ये लावायचं मीटर आणलं होतं. नुसतं बसलेलं असताना टॉवर ५५ वॉट, हा डबा १२, अशिलाचा एन१०० आठ. महिन्याचे दोनशे तास धरले तर टॉवरची ११ युनिट, डब्याची अडीचच्या आत. पैशांत सांगायला लाज वाटेल एवढीच बचत. खरा फायदा लाइट गेली तेव्हा कळला. त्याच जुन्या यूपीएसवर टॉवर दहा मिनिटंही तग धरत नसे. आता मी अर्धवट रिटर्न पूर्ण करून, सही करून, मग बंद केलं.

रविवारी घरच्यासाठी दुसरा अडॅप्टर आणला. स्टेशनजवळ ४५० रुपयांत, पिन तंतोतंत बसली. सोमवारी रात्री घरी लावलं, टॅली उघडली, आणि माझा जुना टॉवर परत आल्यासारखं वाटलं. एक अक्षर दाबावं, ते दमाने उमटावं. एक्सेलने तर मान टाकली. मी दुकानदाराला मनातल्या मनात नको ते बोलले. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, टास्क मॅनेजर उघड आणि प्रोसेसरचा वेग वाच." ०.७९ गीगाहर्ट्झ. हलेचना. "सुरू करताना काही मेसेज आला होता का?" आला होता, अडॅप्टर ओळखता येत नाही असा काहीतरी. मी एंटर दाबून पुढे गेले होते, जसे सगळे मेसेज घालवते तसा. काही मशीन पिनच्या मधल्या बारीक तारेतून अडॅप्टर आपलाच आहे का ते विचारतात. उत्तर आलं नाही की प्रोसेसर अगदी तळाच्या वेगावर बांधून ठेवतात. दुसऱ्या दिवशी कंपनीचा जुना, अस्सल अडॅप्टर ११०० ला मागवला. ४५० पाण्यात.

तर हिशेब: क्रेडिट सोडून डबा १५,०००, वर कन्व्हर्टर, केबल आणि दोन अडॅप्टर मिळून २,८००. नेण्या-आणण्याचं म्हणाल तर रोज सकाळ-संध्याकाळ पाच वायरी काढायच्या नि लावायच्या. अजून कंटाळा आलेला नाही. रिक्षात विसरला तर काय, म्हणून डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, लावलाय आणि त्याची चावी कागदावर लिहून कपाटात ठेवली आहे.

२ ऑक्टोबरला दसरा होता. दरवर्षी सासूबाई तबक घेऊन ऑफिसात येतात आणि कॉम्प्युटरची पूजा करतात. या वर्षी त्या मॉनिटरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मशीन कुठंय?" मी फायलींच्या बाजूचा डबा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, झाकणावर हळदी-कुंकवाचं बोट ओढलं आणि झेंडूचा हार घालायला घेतला. हार डब्यापेक्षा मोठा. मी म्हटलं, "आई, जाळीवर नको, तिथून हवा आत जाते."

"मग याला घालू कुठे?"

भंगारवाला यायचा होता म्हणून जुना टॉवर अजून दाराशीच उभा होता. त्यांनी हार त्याला घातला.