आमची वाटचाल : फायबरग्लास तलाव आणि पाण्याचा हिशेब

पंधरा वर्षांपूर्वी मी आणि माझा धाकटा भाऊ पुण्यात पंप आणि वाळूच्या फिल्टरची दुरुस्ती करीत होतो. मुळशी आणि पानशेतच्या बाजूला शेतघरांमध्ये फायबरग्लासचे तयार तरण तलाव बसू लागले, तेव्हा पंपाबरोबर पाण्याकडेही पाहा, असे मालकांनीच आम्हाला सांगितले. टाइल्सच्या तलावांचा अनुभव गाठीशी होता आणि तोच येथे पुरेल, असे आम्ही धरून चाललो. ती आमची मोठी चूक होती.

पहिल्याच वर्षी आमच्या हातून एका तलावाचे नुकसान झाले. संध्याकाळी कॅल्शियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे क्लोरीन देणाऱ्या रसायनाचे, दाणे थेट पाण्यात टाकण्याची आम्हाला सवय होती. टाइल्सवर त्याचा परिणाम दिसत नसे. मात्र येथे न विरघळलेले दाणे रात्रभर पायरीवर बसून राहिले आणि निळ्या जेलकोटवर, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत रंगीत थरावर, फिकट ठिपके उमटले. पॉलिश करूनही ते गेले नाहीत. आम्ही वर्षभराचे शुल्क परत केले. तेव्हापासून आधी बादलीत पाणी, मग त्यात दाणे आणि वरचे निवळ तेवढेच तलावात, हा आमचा नियम आहे. क्लोरीनच्या गोळ्यांसाठी बादली आणि माप दोन्ही वेगळे असते, कारण ही दोन रसायने एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो.

दुसरा धडा आम्ल वापरण्याचा होता. सिमेंटच्या गिलाव्यातून चुना पाण्यात उतरत राहतो आणि सामू (पीएच) वाढतो. जेलकोट पाण्याला असे काही देत नाही, त्यामुळे फायबरग्लासच्या तलावाला आम्ल बरेच कमी लागते. आम्ही मात्र सवयीने दर आठवड्याला आम्ल ओतत होतो. एका तलावात क्षारता, म्हणजे सामू स्थिर धरून ठेवण्याची पाण्याची ताकद, ४० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ४० भाग) उतरली, सामू रोज हेलकावे खाऊ लागला आणि हीटरचे तांबे पाण्यात उतरून कडेला हिरवट झाक आली. क्षारता १० पीपीएमने वाढवण्यासाठी ६०,००० लिटर पाण्याला साधारण १ किलो खाण्याचा सोडा लागतो, हे गणित आम्ही त्या तलावाच्या काठावर बसून शिकलो. आता आम्ही क्षारता ८० ते १२० आणि सामू ७.२ ते ७.६ यांदरम्यान ठेवतो. सामू ८ वर गेला की क्लोरीनचा जंतू मारणारा अंश जेमतेम पाव हिश्शावर येतो. त्यामुळे क्लोरीन भरपूर टाकूनही पाणी हिरवे कसे झाले, या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा सामूतच सापडते.

पुढे रत्नागिरी जिल्ह्यातून काम आले आणि आमचे पुण्याचे आडाखे पुन्हा अपुरे पडले. इकडच्या बोअरवेलचे पाणी कठीण, त्यामुळे पाण्याच्या रेषेवर पांढरा थर धरणारे. तिकडे जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी मऊ, किंचित आम्लयुक्त आणि लोहाचे. क्लोरीन टाकताच ते लोह बाहेर पडले आणि तलाव एका रात्रीत चहाच्या रंगाचा झाला. पाणी गाळून स्वच्छ झाले, पण तळावर तपकिरी डाग राहिले. त्यावर क जीवनसत्त्वाची गोळी घासली, डाग फिका पडला आणि हे लोहच आहे याची खात्री पटली. आता विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही.

इतकी काळजी घेण्याचे कारण असे की फायबरग्लासचा तलाव हवा तेव्हा रिकामा करता येत नाही. पावसाळ्यात भूजलाची पातळी चढलेली असताना आतले पाणी काढले, तर खालचा दाब अख्खी टाकी वर उचलू शकतो. म्हणूनच गोळ्यांमधून साठत जाणाऱ्या सायन्युरिक आम्लाकडे आम्ही बारकाईने पाहतो; ते उन्हापासून क्लोरीन वाचवते, पण जास्त झाले की क्लोरीनचा जोर कमी करते. गोळ्यांनी क्लोरीन १० पीपीएमने वाढवले की हे आम्लही सुमारे ६ पीपीएमने वाढते आणि ते कमी करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे पाणी बदलणे. ते ५० वर जाऊ लागले की आम्ही गोळ्या थांबवून द्रव क्लोरीनवर येतो. मुसळधार पावसानंतर क्षारता खाली येते, तेव्हा फेरी ठरलेली नसली तरी आमचा माणूस जातो.

आज आमच्याकडे सात जण काम करतात. प्रत्येक शेतघरावर राखणदाराकडे आमची एक वही असते आणि आम्ही दिलेल्या किटने रोज सकाळी सामू आणि क्लोरीन पाहून तो त्यात आकडे लिहितो. सुरुवातीला काही जणांना हे काम जाचक वाटले. आता मुळशीतले एक मामा आकडा बिघडला की आमच्याआधी स्वतःच सोड्याचे माप काढून फोन करतात आणि बहुतेक वेळा ते माप बरोबर असते.